चिलगोज्याचे शंकू पोखरणारा पतंग आणि वनकीटकांचा आरंभीचा अभ्यास

प्रश्न: हिमाचल प्रदेशातील किन्नौरच्या चिलगोजा वनांवर (चिलगोजा म्हणजे खाण्याजोग्या बियांचा पाइन वृक्ष) अभ्यासक्रमासाठी टिपण लिहीत आहे. डायोरिक्ट्रिया ॲबिएटेला या पतंगाची अळी हिरवे शंकू, म्हणजे बिया धरणारी खवलेदार बोंडे, आतून पोखरते, हे माहीत आहे. मात्र जुन्या वनकीटकग्रंथांत खोडकिड्यांवर पानेच्या पाने खर्ची पडलेली असताना शंकूंतील किडींची बोळवण थोडक्यात केलेली दिसते. असे का? आणि शंकू झाडावर असतानाच कीड ओळखता येते का?

प्रतिसाद १: दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. खवल्यांच्या फटींतून राळ पाझरलेली आणि तिच्यात तांबूस विष्ठेचे दाणे रेशमाच्या धाग्यांनी अडकून राहिलेले दिसले, तर आत अळी आहे किंवा होऊन गेली आहे असे समजावे. असा शंकू उभा चिरला की खवले आणि बिया यांतून आरपार गेलेले वेडेवाकडे बोगदे दिसतात. पूर्ण वाढलेली अळी बहुधा जमिनीवर उतरून पालापाचोळ्यात कोष विणते. म्हणून पतंग मिळवायचा असेल तर किडके शंकू जाळी लावलेल्या पेटीत, तळाशी माती घालून ठेवावेत.

प्रतिसाद २: पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते महसुलात आहे. ब्रिटिशकालीन वनखात्याला इमारती लाकूड आणि रेल्वेचे स्लीपर हवे होते, त्यामुळे खोड पोखरणारा भुंगेरा हा थेट तिजोरीचा शत्रू ठरला. देहरादूनला १९०६ मध्ये वनसंशोधन संस्था स्थापन झाली, तेव्हा तेथे प्राणिशास्त्राची धुरा वनकीटकांचे अभ्यासक स्टेबिंग यांच्याकडे आली. त्यांचा १९१४ चा जाडजूड ग्रंथ केवळ भुंगेऱ्यांवर आहे. त्याच वर्षी अमेरिकेत मात्र जॉन मिलर यांची पॅसिफिक किनाऱ्यावरील सूचिपर्णी वृक्षांच्या शंकूंतील व बियांतील किडींवर स्वतंत्र पुस्तिका निघाली, कारण तेथे वनीकरणासाठी बियाणे गोळा करण्याची गरज भासू लागली होती. बियाण्याला मोल आले की शंकूतली अळी दिसू लागते! किन्नौरमध्ये तर बी हेच उत्पन्न आहे, तेव्हा तेथील हिशेब मुळातच निराळा.

किडके नमुने पेटीत वाढवून पाहण्याची पद्धतही जुनीच आहे. जर्मनीत एबर्सवाल्डे येथे शिकवणाऱ्या रात्सेबुर्ग यांनी अळ्यांमधून पतंगांऐवजी बाहेर पडणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्यांवर १८४४ ते १८५२ या काळात तीन खंड लिहिले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग जुन्या नोंदींतील नुकसानीचे आकडे जसेच्या तसे उद्धृत करावेत का?

प्रतिसाद १: सरसकट नकोत. एक तर शंकूंचे पीक दरवर्षी सारखे नसते. भरघोस वर्षानंतर तुटीचे वर्ष आले की तेवढ्याच अळ्या मोजक्या शंकूंवर तुटून पडतात आणि टक्केवारी एकदम फुगते. दुसरे, उत्तर अमेरिकेतील एक वेगळी जाती दीर्घकाळ ॲबिएटेला म्हणूनच नोंदली जात होती. तेव्हा आकड्यासोबत प्रदेश, वृक्ष आणि त्या वर्षीचे पीक या तिन्ही गोष्टी लिहाव्यात; ज्या नोंदीत त्या नाहीत, ती मी तरी टिपणात घेणार नाही.