मदत हवी आहे : कोकण कपिलेची पैदास मिथेनचा विचार करून कशी करावी?

राजापूर तालुक्यात आमची भातशेती आणि आंब्याची बाग आहे. गोठ्यात कोकण कपिला या देशी जातीच्या गाई आणि एक जर्सी संकरित. पुढच्या माजाला कपिलांना कोणत्या वळूचं रेतन करावं, यावर घरात एकमत होत नाहीये.

चारा पोटात आंबताना मिथेन हा हवामान तापवणारा वायू तयार होतो आणि बहुतेक ढेकरांतून बाहेर पडतो. कोणती गाय किती सोडते, हे काही अंशी आनुवंशिक असतं. कॅनडात २०२३ पासून होल्स्टिन गाईंची या गुणासाठी जनुकीय प्रतवारी होते, तीही दुधाच्या नमुन्यांच्या तपासणीवरून. आपल्याकडे असं काही करता येईल का?

माझं खरं अडतं ते मापाशी. लिटरमागे मिथेन मोजला तर जर्सी सरस ठरते. पण कपिला अंगाने लहान, खाणं बेताचं, कातळावर आणि डोंगरउतारावर चरते, आमचा पाऊस सोसते. तिचे बैल नांगराला, शेण बागेला. हे दुधाच्या हिशेबात येतच नाही. २०१८ साली स्वतंत्र जात म्हणून नोंद झालेली ही गाय आपण संकरात घालवून बसू, याची मला फार काळजी वाटते.

कपिलेच्या वळूची रेतमात्रा (कृत्रिम रेतनासाठी गोठवलेलं वीर्य) कुठे मिळेल? २०२४ साली आलेल्या गौचिपचा, म्हणजे देशी गाईंची जनुकं तपासून त्यांची गुणवत्ता आधीच अंदाजायच्या चिपचा, आमच्यासारख्यांना उपयोग आहे का? आणि घरी कोणत्या नोंदी ठेवू?

प्रतिसाद :
कपिला राखा, पण निवड करून राखा. मिथेन घरी मोजता येणार नाही, भाकड काळ मात्र मोजता येतो. भाकड गाय दूध देत नाही, मिथेन सोडतच राहते. म्हणून पहिलं वेत कोणत्या वयात झालं आणि दोन वेतांत किती अंतर पडलं, हे लिहा. जी लवकर गाभण राहते आणि दुधालाही बरी आहे, तिच्या कालवडी ठेवा. गावात एकच वळू फिरत असेल तर बाप-लेकीचा संबंध टाळा.

गौचिपचा अंदाज खरा ठरायला त्या जातीच्या पुष्कळ गाईंच्या दुधाच्या नोंदी लागतात, एकट्या गोठ्याचं ते काम नाही. रेतमात्रेचं दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. उन्हाळ्यात नुसत्या पेंढ्यावर गाई काढत असाल तर थोडी हिरवी वैरण लावा. त्याचा परिणाम याच वर्षी दिसेल, पैदाशीला पिढ्या लागतात.

मागच्या वेतांच्या तारखा आठवत असतील तर इथे टाका, म्हणजे कोणत्या गाईपासून सुरुवात करायची ते सांगता येईल.