मदत हवी आहे: फॅब्रिकेशनच्या कामाला गाडी घ्यायचीय, मोठी डबल केबिन पिकअप की छोटा टेम्पो?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, गेट, ग्रिल, जिने, पत्र्याची शेड असली कामं. आजवर माल पोचवायला भाड्याचा टेम्पो बोलवायचो पण आता ते परवडेना, ऐन सीझनला टेम्पोवाला फोन उचलत नाही आणि तिकडं गिऱ्हाईक गवंडी थांबलाय म्हणून ओरडतंय, म्हणून स्वतःची गाडी घ्यायचं घरात ठरलं. घोडं पेंड खातंय ते कुठली घ्यायची यावर.

धाकट्या भावाच्या मनात डबल केबिनवाली मोठी पिकअप बसलीय. नवी टोयोटाची हायलक्स 30 लाखांच्या घरात जाते म्हणून सेकंडहँड इसुझूची व्ही-क्रॉस बघून आलाय. म्हणतोय कामालाही होईल, घरच्यांना घेऊन जोतिबाला जाता येईल, आणि साइटवर आर्किटेक्टपुढं उतरलं की वजन पडतं. शेवटचं काय खोटं नाही, गाडी बघून कोटेशनला मान डोलवणारी माणसं आपल्याकडं आहेतच.

मी टेप घेऊन गेलो आणि ती गाडी मोजली. लांबी सतरा फुटांच्या वर आणि हौदा जेमतेम पाच फूट! फाळका फक्त मागचा पडतो, बाजूच्या भिंती उंच, म्हणजे जड गेट एक तर मागनं आत रेटायचं नाहीतर दोघांनी पार छातीपर्यंत उचलून कडेवरनं आत टाकायचं, आणि पावडर कोटिंग केलेल्या गेटला एक ओरखडा पडला तरी गिऱ्हाईक पैसे अडवतंय. उलट छोटा हाथी (टाटा एस) घ्या, सगळी गाडी साडेबारा फुटांची, त्यात हौदा सात फुटांचा, तिन्ही बाजूंचे फाळके खाली पडतात, बाजूनं सरकवलं की झालं.

भाऊ दिवसभर अमेरिकन ट्रकचे व्हिडिओ बघतोय म्हणून मीपण थोडं वाचलं. तिकडं 1964 पासून बाहेरून येणाऱ्या लहान ट्रकवर 25 टक्के कर आहे, तोही युरोपशी कोंबडीवरनं झालेल्या व्यापारी भांडणातनं लागलेला, आणि मायलेजचे नियम असे की चाकांमधली जागा जितकी मोठी तितकी अट सैल. मग कंपन्या मोठ्या गाड्याच करणार की! जपानात मात्र केई ट्रक म्हणून असतात, इंजिन 660 सीसीच्या आत, लांबी 3.4 मीटरच्या आत, आणि तरी हौदा सहा फुटांच्या वर. म्हणजे अमेरिकेतली मोठी गाडी तिथल्या कायद्यानं मोठी झालीय, कामानं नाही, हे भावाला कसं पटवू?

आणि माझी खरी अडचण अशी की 8 बाय 4 फुटांचा पत्रा सात फुटी हौद्यात बसत नाही. शिवाय महिन्यातनं एखादं काम गगनबावडा, राधानगरीकडं असतं. सीएनजी घ्यावी का डिझेल? लायसन्स, परमिटचं काय? जाणकारांनी सांगा.

शिरोली_फिटर:
भावा, आधी एक ठरव, कच्चा माल तू आणणार का दुकानदार पोचवणार? पाइप, अँगल 20 फुटी येतात, ते तुझ्या व्ही-क्रॉसमध्येपण बसत नाहीत आणि छोट्या हाथीतपण नाहीत. मागं बाहेर काढून न्यायचे दिवस गेले, हौद्याबाहेर माल आला तर 20,000 दंड आहे आणि माल तिथंच उतरवून घेतात. दंडाचं सोड, अंधारात मागनं बाइकवाला आला तर जीव जाईल एखाद्याचा. आम्ही पाइप दुकानदाराच्याच गाडीनं मागवतो, शॉपमध्ये कापतो, आपल्या गाडीत फक्त तयार माल आणि वेल्डिंग मशीन.

पत्र्याचं मात्र बरोबर बोललास. 8 बाय 4 चा 3 एमएमचा एक पत्रा साधारण 70 किलोचा, दहा टाकले की 700 किलो, छोटी गाडी तिथंच भरली. म्हणून मी म्हणेन अजून एक पायरी वर जा, टाटाची इंट्रा नाहीतर लेलँडची दोस्त बघ, हौदा आठ फुटांच्या वर, पत्रा आडवा बसतो आणि फाळका बंद होतो. व्ही-थर्टी इंट्रा 1300 किलो घेते. मालासकट एकूण वजन 3000 किलोच्या आत असलं की परमिट लागत नाही. कारचं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स चालतं, 7500 किलोपर्यंत, सुप्रीम कोर्टानं 2024 च्या नोव्हेंबरात परत तेच सांगितलंय. पासिंग पहिल्या आठ वर्षांत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी, हे धरून चाल.

बावडा_रोड:
मी धाकट्याच्या बाजूनं थोडं बोलतो. मोठी गाडी वाईट नसते, पावसाळ्यात आमच्या वाडीकडं चिखलात फोर बाय फोरच चालते, तिथं छोटा हाथी रुततोय. पण वर्षातनं चार-दोन फेऱ्यांसाठी रोज उद्यमनगर ते लक्ष्मीपुरी सतरा फूट ओढत बसायचं का? घाटाला माल भरून जाणार असशील तर डिझेल घे. बोलेरो पिकअप आमच्याकडं सगळे वापरतात, दणकट आहे, पण पेठेत वळवताना घाम फुटतोय.

मंगळवारपेठ_ताई:
दादा, आमचं केटरिंग आहे, मारुतीची सुपर कॅरी सीएनजी वापरतो. सीएनजीत टाकीमुळं वजन कमी घेते, पेट्रोलची 740 किलो तर सीएनजीची 625, हे शोरूममध्ये विचारल्याशिवाय सांगत नाहीत. आमची भांडी, मंडपाचं सामान त्यात भागतं, तुमच्या लोखंडाला कमी पडेल असं वाटतं.

पण मला दुसरंच सांगायचंय. आमच्या बोळात पोरं दारातच खेळतात, म्हातारी माणसं कट्ट्यावर. उंच बॉनेटच्या गाडीतनं पुढ्यातलं पोर दिसत नाही हो! अमेरिकेत आयआयएचएस म्हणून विमा कंपन्यांची संस्था आहे, त्यांनी 2023 मध्ये अभ्यास केला, 40 इंचांपेक्षा उंच बॉनेटच्या गाडीनं धडक दिली तर पायी माणूस दगावायची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे 45 टक्के जास्त. छोट्या टेम्पोत सीटवर बसलं की पुढचा रस्ता पायाखाली दिसतो. फक्त पुढं बॉनेट नसल्यामुळं धडक झाली तर आपले पायच आधी सापडतात, त्यामुळं चौकातनं चौकात जायचं असलं तरी बेल्ट लावायचाच.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. शिरोलीवाल्या दादांचा कच्च्या मालाचा मुद्दा लई कामाचा, आमचा पाइपवालापण पोचवायला तयार आहे, आजच विचारलं. ताई, तुमचं लिहिलेलं भावाला वाचून दाखवलं, त्याची मुलगी तीन वर्षांची आहे, तो गप्पच बसला. अजून पूर्ण पटलेलं नाही त्याला, पण रविवारी आठ फुटी हौद्याच्या गाड्या बघायला यायला तयार झालाय. सीएनजीचा विचार सोडला, डिझेलच बघतो.

आता एकच विचारायचंय. गेट उभं न्यायला हौद्यात ए आकाराची, नट-बोल्टनं बसवायची आणि काढायची फ्रेम कुणी केलीय का? हौद्याला वेल्डिंग करायचं नाही, पासिंगला त्रास नको. कुणी केली असेल तर माप आणि फोटो टाका, विशेषतः खालच्या पट्टीला रबर कसलं लावलंय ते.