नवीन वाद्य घडवायचं की आहेत ती जगवायची?

सुरेलनागपूर (धागाकर्ता)
धरमपेठेतल्या एका घरगुती बैठकीत इंजिनीअरिंगच्या एका पोराने स्वतः घडवलेलं वाद्य ऐकवलं. बांबूची जाड नळी, तिच्यावर एकच तार, खाली तारेचा कंप टिपणारा पिकअप. डाव्या हाताने नळी दाबली की सूर सरकतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, सुंदर येत होती. मागून शेरा आला, ‘सतार-सरोद असताना हे खूळ कशाला?’ मला तो शेरा लागला. ज्या पेटीशिवाय आपली भजनं होत नाहीत, त्या हार्मोनियमचं पेटंट १८४२ मध्ये पॅरिसला अलेक्झांद्र दबेंने घेतलं. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ तिला बंदी होती. तेव्हाच्या जाणकारांचं ऐकून लोकांनी पेटी सोडली असती, तर?

जुनीतार
शेरा माझा नव्हता, पण मत तेच आहे. पेटी टिकली ती नवी होती म्हणून नाही. गाणाऱ्याला सोपी साथ मिळाली, हातात मावणारी पेटी कोलकात्यात बनू लागली आणि दुरुस्त करणारे गावोगाव झाले, म्हणून टिकली. थेरेमिन हे इलेक्ट्रॉनिक वाद्य बघा. १९२० च्या सुमारास निघालं, हात न लावता वाजतं, आवाज थक्क करतो. पण वाजवणारे किती? आपल्याकडे डहाका हे लोकवाद्य वाजवणारी तरुण पोरं शोधावी लागतात. आधी तिकडे बघा ना.

वऱ्हाडीठेका
भाऊ, मी तबल्यावाला. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला का पुडी, म्हंजे तबल्याचं कातडं, ताणते, सूर चढते. मंग हातोडी घेऊन बाजूचे लाकडी गट्टे वर ठोकत बसा. पावसाळ्यात तोच तबला उतरते. चामड्याची वादी खेचून हात सोलते. कोनाले काही नवं कराचं असन त याच्यावर करा, लय लोकं दुवा देतीन.

सुरेलनागपूर
वऱ्हाडीठेका, हे काम कोणी खरंच हाती घ्यायला हवं. जुनीतार, तुम्ही थेरेमिन सांगितलंत, मी काड्यांनी वाजणारं तारवाद्य संतूर सांगतो. शिवकुमार शर्मांनी १९५५ मध्ये मुंबईत ते मंचावर वाजवलं, तेव्हा टीका झाली की यात मींड नाही, रागदारी कशी होणार? त्यांनी तारांची मांडणी बदलली, वाद्य मांडीवर घेतलं आणि वर्षानुवर्षं लावून धरलं. आज त्याला शास्त्रीय वाद्य नाही म्हणणारा भेटतो का?

जुनीतार
संतूर काश्मीरच्या सुफियाना मौसिकीत, म्हणजे तिथल्या सूफी संगीतात, पिढ्यानपिढ्या होतंच. त्यांनी शून्यातून काढलं नाही.

श्रुतीप्रेमी
म्हणजे तुम्हीच मान्य केलंत की नवं वाद्य जुन्याच्या पोटातून येतं. डॉ. विद्याधर ओकांची २२ श्रुतींची, म्हणजे बावीस सूक्ष्म सूरस्थानांची, पेटी घ्या. बारा पट्ट्यांत आपले सूर नेमके बसत नाहीत, ही जुनी तक्रार. सा आणि प अचल, उरलेल्या दहा सुरांच्या दोन-दोन श्रुती, अशा बावीस. अडचण आधी, वाद्य नंतर. त्या पोराला विचारा, एका तारेवर त्याला काय साधायचंय, जे सारंगीत साधत नाही?

सुरेलनागपूर
विचारलं होतं. सारंगीचा हात बसायला वर्षं जातात, आणि शिकवणारे किती उरलेत? शाळेतल्या पोराला महिन्याभरात मींड कानाने ओळखता यावी, आणि बांबू गडचिरोलीचाच असावा, एवढंच त्याला हवंय.

जुनीतार
हे उत्तर आवडलं. तरी मत बदललं नाही. मारवा रागाचा कोमल रिषभ त्या नळीवर लावून रेकॉर्डिंग टाका. आणि त्या पोराशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातचं असू द्या.