मदत हवी आहे: सासूबाईंना रात्री काहीतरी चावलंय, विषारी कोळी असेल का? (गोरेगाव)

गोरेगावची सून

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

आम्ही गोरेगाव पूर्वेला, आरेच्या झाडीला लागून असलेल्या वस्तीत तळमजल्यावर राहतो. सासूबाई (वय ६८, मधुमेह, गोळ्या चालू) हॉलमध्ये खाली गादी घालून झोपतात. आज पहाटे पोटरीची आग होतेय म्हणून उठल्या. दिवा लावला तर पायाशी भिंतीवर भलामोठा तपकिरी, चपटा कोळी. चावताना मात्र कुणीच पाहिलेलं नाही. त्यांनी हाक मारेपर्यंत तो कपाटामागे पळाला.

पोटरीच्या मागच्या बाजूला लाल चट्टा आहे आणि मधोमध पाण्याचा छोटा फोड. सकाळपासून चट्टा वाढलाय, हात लावला तर गरम लागतो. दाताची खूण म्हणावी असं काही मला तरी दिसत नाही. ताप नाही. जेवण अर्धंच गेलं.

घरात ज्याचं त्याचं वेगळं. शेजारच्या काकू चुना-हळद लावायला सांगतायत. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी अॅलर्जीची गोळी दिली आणि दोन दिवस बघू म्हणाले. त्यात दिरांनी व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला, कुणाच्या तरी हाताचं मांस सडलेलं आणि खाली 'ब्राउन रेक्लूस' असं विषारी कोळ्याचं नाव लिहिलेलं. तो बघितल्यापासून आई रडतायत, माझा पाय कापतील का म्हणून. हे दौऱ्यावर आहेत, घरात मी आणि पाचवीतला मुलगा.

मुंबईत असे विषारी कोळी असतात का? कोळ्याच्या विषावर इंजेक्शन कुठे मिळतं? थांबू की निघू?

रानवाट

ताई, कोळ्याचं नंतर बघू. आधी आईंच्या पापण्या बघा. डोळे पूर्ण उघडतायत का, एकाचे दोन दिसतायत का, बोलणं जड झालंय का, थुंकी गिळता येतेय का, पोटात दुखतंय का?

आरेच्या कडेला तळमजला, जमिनीवर अंथरूण, रात्रीची वेळ आणि चावणारं दिसलं नाही, एवढं जुळलं की आधी मण्यार नाही ना याची खात्री करायची. ती रात्रीच फिरते आणि झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. दात इतके बारीक की खूण सापडत नाही. सूज नाही, फारशी वेदना नाही. माणूस 'काहीतरी किडा चावला' म्हणून परत झोपतो आणि काही तासांनी पापण्या खाली यायला लागतात, मग श्वास अडकतो. आईंना आग आणि लाली आहे, म्हणजे मण्यारीची शक्यता कमी. पण घोणस चावली तर सूज येते. हे घरी बसून ठरवता येणार नाही. आत्ता निघा. पाय फार हलवू देऊ नका, चालवत नेऊ नका. गाडी मिळत नसेल तर १०८ ला फोन करा.

गोरेगावची सून

पापण्या ठीक वाटतायत, बोलतायत नीट. शेजारचा मुलगा रिक्षा आणायला गेलाय. मुलाला काकूंकडे ठेवून निघतेय.

केसपेपर

मी पालिकेच्या रुग्णालयात काम केलेली डॉक्टर आहे. पाय न बघता निदान करता येत नाही, तरी वाटेत वाचायला काही गोष्टी.

रानवाट यांनी सांगितलं ते बरोबर. कूपर, सायन, केईएम, नायर अशा मोठ्या पालिका रुग्णालयात जा. तिथे सर्पदंशाचे रुग्ण नेहमी येतात, प्रतिविष असतं, वेळ पडली तर व्हेंटिलेटरही असतो. कॅज्युअल्टीत 'कोळी चावला' असं सांगू नका. 'रात्री झोपेत काहीतरी चावलं, कुणी पाहिलं नाही, मधुमेह आहे' असं सांगा. गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. पैंजण, जोडवी असतील तर सूज चढण्याआधी काढा.

कोळ्याच्या विषावरचं इंजेक्शन आपल्याकडे तयार होत नाही. ऑस्ट्रेलियात रेडबॅक कोळ्यासाठी १९५६ पासून आणि सिडनीच्या फनेल-वेबसाठी १९८१ पासून प्रतिविष आहे, कारण तिथे त्या कोळ्यांनी माणसं दगावत होती. आपल्याकडचं सर्पविषाचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं, कोळ्यावर त्याचा उपयोग शून्य. शिवाय ते घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्याची जोरदार रिअॅक्शन येऊ शकते. म्हणून 'खबरदारी म्हणून देऊन टाका' असा आग्रह धरू नका. लक्षणं दिसली तरच देतात.

आता तो फोटो. रेक्लूसच्या कुळातला एक कोळी भारतातही नोंदला गेलाय, पण अशा जखमा क्वचित होतात आणि बऱ्याचशा आपसूक भरतात. त्या विषाने आधी फारसं दुखत नाही, काही तासांनी दुखायला लागतं, मग मधला भाग निळसर-काळा पडतो. तरीही लगेच कापाकापी करत नाहीत. ब्लॅक विडोच्या कुळातले कोळीही आपल्या देशात आहेत. त्यांच्या विषाने जखमेपेक्षा अंग जास्त बोलतं: दरदरून घाम, पोटऱ्यांत आणि पोटात गोळे, छातीत धडधड. तिथे वेदनाशामक आणि स्नायू सैल करणारी औषधं देतात, निरोगी मोठा माणूस सहसा सावरतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं मात्र दाखल करूनच ठेवायची.

मला खरी काळजी मधुमेहाची वाटते. 'कोळी चावला' म्हणून आलेल्या कितीतरी लाल, गरम, सुजलेल्या जागा नुसत्या जंतुसंसर्गाच्या निघतात. मधुमेहात तो झपाट्याने पसरतो. चुना तर अजिबात नको, तो कातडी भाजतो.

चाळकरी

पावसाळ्यात ट्यूबलाइटवर लाल-काळा, मुंगीसारखा लांबट किडा येतो, तोही बघा. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला की त्याच्यातल्या पेडेरिन नावाच्या विषाने कातडी भाजल्यासारखी होते, दुसऱ्या दिवशी पट्टा उठतो आणि फोड येतात. आमच्याकडे त्याला सर्रास 'कोळी फिरला' म्हणायचे. अंगावर बसला तर मारायचा नाही, फुंकर मारून उडवायचा आणि जागा साबणाने धुवायची.

गोरेगावची सून

रात्रीचे साडेअकरा. आईंना दाखल करून घेतलंय. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

इथल्या तरुण डॉक्टरबाईंनी आधी आईंना छताकडे एकटक बघायला लावलं, मग उशीवरून मान उचलून धरायला सांगितली. मान जमली. नंतर काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही म्हणाल्या. घोणस किंवा फुरसं असेल तर रक्त गोठत नाही. वीस मिनिटांनी त्यांनी नळी हळूच आडवी केली. रक्त जागचं हललं नाही. आईंनी तिथेच हात जोडले.

साखर मात्र ३४० निघाली. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. पोटरीवर लालीच्या कडेकडेने निळ्या बॉलपेनने रेघ मारली आणि बाजूला वेळ लिहिली. म्हणाल्या, लाली रेघेच्या बाहेर गेली की लगेच हाक मारा.

रानवाट

हायसं वाटलं. रात्रभर लक्ष ठेवतील, ठेवू द्या.

तुमच्या भिंतीवरचा तो चपटा कोळी वर्णनावरून हंट्समन वाटतो. जाळं विणत नाही, कपाटामागे दबा धरून झुरळं मारतो. मादी पोटाखाली अंड्यांची चपटी पांढरी पिशवी घेऊन फिरते. हाताखाली सापडला तर चावेल, दुखेलही, पण जिवावर बेतणारा नाही. आईंना चावला नसेलच असं म्हणत नाही, पण भिंतीवर दिसला एवढ्यावरून तो गुन्हेगार ठरत नाही. मुंबई-ठाण्याच्या झाडीत कोळी अमाप आहेत. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला २०२१ मध्ये शहीद तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं, मला त्याचा फार अभिमान वाटतो.

चाळकरी

गावी जाणाऱ्यांसाठी, म्हणजे धागा शोधत कुणी आलं तर. कोकणात अंथरुणात चावलं आणि कळा, घाम, हातपाय थंड, उलट्या सुरू झाल्या तर लाल विंचू लक्षात ठेवा. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन गोळीचे उपचार रूढ केले आणि जिथे पोरं पटापट दगावायची तिथे ती वाचायला लागली. विंचवावर प्रतिविषही मिळतं. मांत्रिकाकडे बसून वेळ घालवायचा नाही.

गोरेगावची सून

पहाटे लाली रेघेच्या बाहेर दोन बोटं सरकली, घोट्याकडे. हाक मारल्यावर त्या लगेच आल्या आणि सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू केलं. सेल्युलायटिस म्हणतात, म्हणजे कातडीचा आणि तिच्या खालचा जंतुसंसर्ग. काय चावलं ते कळलं नाही आणि आता कळणारही नाही, कदाचित नुसता किडा, कदाचित खाजवून झालेली जखम. साखर उतरवायला थोडे दिवस इन्सुलिन देतायत. आज लाली आतल्या बाजूला फिक्कट पडलीय, फोड फोडायचा नाही असं बजावलंय. घरी थांबून गोळीच्या भरवशावर दोन दिवस काढले असते तर काय झालं असतं, हा विचार डोक्यातून जात नाहीये.

हे उद्या पोचतायत. आता दोनच गोष्टी विचारते. आईंना गुडघ्यांमुळे उंच पलंग जमत नाही, तर कमी उंचीचा पलंग आणि चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी पुरेशी होईल का? आणि पेस्ट कंट्रोलवाला दोन दिवसांत येतो म्हणतोय, त्याला बोलवू का?

केसपेपर

मच्छरदाणी नीट खोचा, मण्यारीपासून वाचवायलाही ती उत्तम. दाराखालची फट बंद करा, अंथरूण झटकूनच झोपा, रात्री उठताना आधी बॅटरी लावा. पेस्ट कंट्रोल आई घरी येण्याच्या बरंच आधी होत असेल तरच करा. आणि पायाचं ड्रेसिंग रोज कोण करणार ते डिस्चार्जच्या आधी ठरवून घ्या. मधुमेहात तळपाय आणि बोटांच्या बेचक्याही रोज बघायच्या, आईंना वाकून दिसत नसेल तर तुम्ही बघा.