नव्या धंद्यात उधारी द्यावी का? बडोद्यातला माझा अनुभव, तुमचं मत सांगा

शेडवाला मकरपुरा

गेल्या रविवारी दांडिया बाजारात आपल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम झाला. तरुणांनी धंद्यात यावं म्हणून. वक्ते कळकळीने बोलले: नोकरीच्या मागे लागू नका, झोकून द्या, अपयशाला घाबरू नका. माझ्या पुढच्या रांगेत एक मुलगा वहीत भराभर लिहून घेत होता. दोन तासांत ‘वसुली’ हा शब्द एकदाही आला नाही. तेव्हापासून तो मुलगा माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितोय.

२०१८ साली मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, मी भाड्याची शेड घेतली. दोन जुने लेथ, एक ड्रिलिंग मशीन, चार माणसं. शाफ्ट, बुश असे यंत्रांचे सुटे भाग करून देतो. पहिल्याच वर्षी एका मोठ्या पार्टीचं काम मिळालं, महिन्याला चार लाखांचं. घरी पेढे आणले. पार्टी म्हणाली, पंचेचाळीस दिवसांत पेमेंट.

आता हिशेब बघा. स्टील एक लाख ऐंशी हजारांचं. स्टीलवाला नव्या माणसाला आठ दिवसांच्या वर थांबत नाही. पगार, वीज, भाडं वेगळं. बिलावर १८ टक्के जीएसटी म्हणजे बहात्तर हजार. स्टीलवर भरलेले बत्तीस हजार चारशे वजा जातात, उरलेले एकोणचाळीस हजार सहाशे पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत सरकारला भरायचे. पार्टीने मला एक रुपया दिलेला नसला तरी भरायचे. पंचेचाळीसचे नव्वद दिवस झाले, नव्वदचे एकशेवीस. चार महिन्यांची बिलं करासकट अठरा लाख अठ्ठ्याऐंशी हजारांवर गेली.

दर मंगळवारी मी त्यांच्या गेटवर जायचो. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये ‘कामाचे स्वरूप’ असा रकाना असतो, त्यात मी ‘पेमेंट’ लिहायचो. पुढे पुढे मी दिसलो की वॉचमन स्वतःच तो शब्द लिहून ठेवायचा आणि फक्त सहीसाठी पेन पुढे करायचा. आत अकाउंट्सचे साहेब मीटिंगमध्ये असायचे. शेवटी पैसे आले, पण रिजेक्शनच्या नावाने दीड लाख कापून. तो रिजेक्ट झालेला माल मला कधी दाखवलाही नाही.

काम नव्हतं म्हणून मी बुडायला आलो नव्हतो, काम भरपूर होतं. म्हणून नव्या माणसाला माझं सांगणं एकच: पहिली दोन वर्षं उधारी नाही. निम्मे पैसे ऑर्डरबरोबर, उरलेले माल उचलताना. त्यापायी ऑर्डर गेली तर जाऊ द्या.

कापडवाला मांडवी

भाऊ, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण सल्ला मला पटत नाही. नव्या माणसाने निम्मे पैसे आधी मागितले तर समोरचा त्याला दारात उभा करणार नाही. त्याची ना ओळख, ना नाव. त्याच्याकडे द्यायला दोनच गोष्टी असतात, चांगला माल आणि थोडी मुदत.

आमचं दुकान वडिलांनी उभं केलं ते उधारीवरच. पादरा, सावली, डभोईचे शिंपी यायचे, कापड घेऊन जायचे आणि शेतमाल बाजारात गेला की पैसे आणून द्यायचे. कारण त्यांच्या गिऱ्हाइकाच्या हातात तेव्हाच पैसा यायचा. वडिलांना कोणत्या गावात कधी पैसा येतो ते पाठ होतं. आमच्याकडे दिवाळीला चोपडापूजन होतं, आणि त्याआधी प्रत्येक खात्यावर बोट ठेवून पाहिलं जातं. गुजराती व्यापारी वसुलीला उघराणी म्हणतात, तिला मी अजूनही स्वतः जातो, माणूस पाठवत नाही. माणूस पाठवला की समोरचा कारण देतो. आपण गेलो की पाणी विचारतो, मग थोडे तरी पैसे काढतो.

तुमची चूक उधारीत नाही. सगळा धंदा एका पार्टीवर टांगलात ही चूक. कुणाकडेही आपल्या विक्रीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त अडकू देऊ नये.

शेडवाला मकरपुरा

काका, चौथ्या हिश्श्याचं मान्य. तेव्हा मला कुणी हे सांगायला हवं होतं. पण तुमचा शिंपी तुमच्याहून लहान होता. त्याला पुढच्या हंगामात पुन्हा तुमच्याकडूनच कापड हवं असायचं, म्हणून तो यायचा. माझी पार्टी माझ्याहून शंभरपट मोठी, आणि माझ्यासारख्या वीस शेड तिच्या दारात उभ्या. मोठ्याने लहानाला दिलेली मुदत आणि लहानाने मोठ्याला दिलेली मुदत, दोन्हींना आपण उधारीच म्हणतो, पण यात दुसऱ्या प्रकारात लहान माणूस मोठ्याची बँक होतो. बिनव्याजी.

फराळवाली रावपुरा

मी शेडवाल्या दादांच्या बाजूने आहे, पूर्णपणे.

घरून दिवाळीचा फराळ करते. भाजणी घरीच भाजते, चकल्या, चिरोटे, अनारसे. तिसऱ्या वर्षी एका ऑफिसची चाळीस किलो चकलीची ऑर्डर आली. फोनवरच ठरलं, ॲडव्हान्स नाही. दोन दिवस आधी फोन आला, ताई, वीसच किलो द्या. तोवर सगळी तळून झाली होती. डबे स्वयंपाकघरात ओट्यापासून दारापर्यंत रचलेले. मी आणि सासूबाई रात्रभर ओळखीच्यांना फोन करत बसलो आणि पडत्या भावात वीस किलो विकली.

त्या दिवसापासून पूर्ण पैसे आधी. नवरात्रात सगळ्यांना एकच निरोप जातो: ‘पैसे जमा झाले की नाव यादीत. यादी कोजागिरीला बंद.’ पहिल्या वर्षी नात्यातल्या दोन घरांनी बोलणं सोडलं. ‘घरचंच आहे, पैसे कुठे पळून जातात?’ हे बाईला फार ऐकावं लागतं. आपण केलेलं काम हे काम नसून हौस आहे असं समजतात, आणि हौसेचे पैसे मागणं वाईट दिसतं. मला तोंडाने पैसे मागायला तीन वर्षं लागली. चकलीला काटे आणायला त्याहून कमी लागली होती.

कार्यक्रमात वक्त्यांनी हे शिकवायला हवं होतं. पोरांना एकमेकांसमोर उभं करून नुसतं म्हणायला लावायचं, ‘आधी पैसे, मग माल.’

निवृत्त बँकवाला

तिघांचंही वाचलं. मी शेडवाल्यांशी सहमत नाही, आणि कारण आपल्याच शहरात आहे. सयाजीरावांच्या काळात १८९० मध्ये कलाभवन निघालं, मुलांच्या हाताला कसब यावं म्हणून. १९०७ मध्ये प्राध्यापक गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी अलेंबिक ही औषध कंपनी सुरू केली, टिंक्चर आणि अल्कोहोलपासून. आणि १९०८ च्या जुलैत महाराजांनी बँक ऑफ बडोदा काढली. कसब आलं, कारखाना आला, तरी पतपुरवठ्यावाचून धंदा चालणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. कोटीभास्कर हे नाव आपल्या घरांतल्या मुलांना माहीत असायला हवं, हे जाता जाता.

तुमच्याकडे चार महिने तग धरायला खेळतं भांडवल नव्हतं. पहिल्या ऑर्डरआधी बँकेत जाऊन कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं आणि फेडायचं कर्ज, मागायला हवं होतं. लोक यंत्रासाठी कर्ज मागतात, उधारीसाठी मागत नाहीत.

शिवाय कायदा तुमच्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. आणि २०२४ पासून प्राप्तिकरात त्याला दात आले: मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षी मिळतो. मोठ्या कंपन्यांसाठी ट्रेड्सची व्यवस्था आहे. तिथे कंपनीने बिल मान्य केलं की बँक तुम्हाला लगेच पैसे देते आणि नंतर कंपनीकडून वसूल करते. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे.

फॅब्रिकेशन वाघोडिया

साहेब, कायदा बरोबर आहे. पण एका पार्टीने मला सरळ सांगितलं, उद्यमचा नंबर (सरकारकडे लहान उद्योग म्हणून नोंदणीचा) बिलावर छापू नका, नाहीतर पुढची ऑर्डर दुसरीकडे. दुसऱ्या एका पार्टीविरुद्ध मी थकलेल्या पैशांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेत अर्ज केला. तडजोड झाली, मुद्दल मिळालं, व्याज सोडावं लागलं. त्या पार्टीने पुन्हा काम दिलं नाही. तरी मी पुन्हा अर्ज करीन. माझ्या वेल्डरचा पगार त्या पैशात होता.

नवीन वाडी

वहीत लिहिणारा मुलगा बहुतेक मीच.

मला कोरुगेटेड, म्हणजे पन्हाळी पुठ्ठ्याच्या, खोक्यांचं काम सुरू करायचं आहे. साधनं मामांच्या शेडमध्ये आहेत. एका औषध कंपनीकडून महिन्याला दीड लाखाचं काम मिळतंय, साठ दिवसांच्या उधारीवर. माझी बचत चार लाख. सोमवारी हो की नाही कळवायचं आहे. मी काय करू?

कापडवाला मांडवी

घे. पण पूर्ण नको. आणि उद्याच खंडेराव मार्केटच्या आजूबाजूला मिठाई-फरसाणवाल्यांकडे फिर. त्यांना रोज खोकी लागतात, तिथे रोख मिळते. त्या रोखीवर कंपनीची उधारी पेलेल.

निवृत्त बँकवाला

बाळ, साठ दिवसांची अट कायद्यातच बसत नाही. सोमवारच्या आधी उद्यमवर नोंदणी कर. ऑनलाइन आहे, फी नाही. माल पाठवण्याआधीच करून ठेव, नंतरच्या नोंदणीवरून पार्ट्या वाद घालतात. मग ४५ दिवस लिहून माग.

शेडवाला मकरपुरा

साहेब, कॅश क्रेडिटचं तुमचं खरं आहे. मी मागायला गेलोच नव्हतो. आणि काका, मिठाईवाल्यांचं उत्तम.

अरे, तुझा हिशेब असा: दीड लाखाच्या मालात तुझे स्वतःचे सव्वा लाख जातील असं धर. साठ दिवस म्हणाले तर नव्वद मोज. तीन महिन्यांचा माल त्यांच्याकडे, चौथ्याचा तुझ्या शेडमध्ये. म्हणजे पाच लाख. तुझ्याकडे चार. पूर्ण घेतलंस तर चौथ्या महिन्यात तू गेटवर असशील. निम्मं घेतलंस तर अडीच लाख अडकतील आणि दीड हाताशी राहतील. मी अजूनही म्हणेन की ॲडव्हान्स माग, नाही म्हणाले तर निम्मं घे.

शनिवारी चारनंतर मकरपुऱ्याला ये. माझी २०१८ ची वही दाखवतो, मंगळवारच्या तारखांसकट. ताई, तुमच्या नवरात्राच्या निरोपाचा नमुना इथे टाकाल का? त्याला ऑर्डर घेताना लागेल, आणि खरं सांगायचं तर मलाही हवा आहे.