मदत हवी आहे : बालसंरक्षणातल्या कार्यकर्त्यांसाठी ऑनलाइन एमआय प्रशिक्षण कसं निवडावं?

पायवाट :

नमस्कार मंडळी,

बालसंरक्षणाचं काम करणाऱ्या एका टीमची जबाबदारी माझ्याकडे आहे. घरोघरी भेटी, आईवडिलांशी बोलणं, मूल घरात सुरक्षित आहे का याचा अंदाज घेणं आणि वेळ पडली तर कोर्टाला अहवाल देणं, असं कामाचं स्वरूप. टीमला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगचं (माणसाची बदलायची स्वतःचीच इच्छा बोलण्यातून जागी करायची पद्धत; पुढे नुसतं एमआय म्हणते) प्रशिक्षण द्यायचं ठरलंय. ते ऑनलाइनच होणार, कारण माणसं विखुरलेली आहेत आणि हातातल्या केसेस सोडून सलग दोन दिवस कुणालाच काढता येत नाहीत.

समोर दोन पर्याय आहेत. एकात रेकॉर्ड केलेली व्याख्यानं आपापल्या सवडीने पाहायची, शेवटी प्रश्नमंजूषा आणि सर्टिफिकेट. दुसऱ्यात छोट्या गटाची लाइव्ह सत्रं, मध्ये काही आठवड्यांचं अंतर, आणि प्रत्येकाने आपल्या संभाषणाचं रेकॉर्डिंग पाठवायचं, त्यावर प्रशिक्षक अभिप्राय देणार. वरिष्ठांचा कल पहिल्याकडे आहे, माझा दुसऱ्याकडे. पण त्यांना पटवायला हातात ठोस काही नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. एमआयचा जन्म दारूच्या व्यसनावरच्या समुपदेशनात झाला. आमच्याकडे कुणी आपणहून येत नाही, आम्हीच त्यांच्या दारात जाऊन उभे राहतो. एका अनुभवी सहकाऱ्याने बैठकीत विचारलं, "मूल काढून घ्यायचा अधिकार आपल्या हातात, आणि आपण विचारणार 'तुम्हाला काय बदलावंसं वाटतं?' ही त्या माणसाची फसवणूक नाही का?" मला हा प्रश्न रास्त वाटतो आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय टीमला या वाटेवर न्यायची माझी इच्छा नाही.

आणि तिसरं, रेकॉर्डिंग पाठवायचं तर कुटुंबांच्या गोपनीयतेचं काय करता? ज्यांनी हे शिकलंय किंवा शिकवलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

नीलमोहर :

पायवाटताई, मी एमआय शिकवते, त्यामुळे पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नावर लिहिते.

वरिष्ठांपुढे ठेवायचा पुरावा 2004 सालचा आहे. विल्यम मिलर (एमआयवरचा पहिला लेख त्यांचाच, 1983चा) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यसनमुक्तीत काम करणाऱ्या 140 व्यावसायिकांचे गट पाडले. एका गटाला पुस्तिका आणि प्रशिक्षणाच्या व्हिडिओ टेप दिल्या, तुमचं तुम्ही शिका म्हणून. बाकीच्यांची कार्यशाळा झाली. त्यातल्या काहींना नंतर अभिप्राय मिळाला, काहींना कोचिंग, काहींना दोन्ही आणि काहींना काहीच नाही. टेप पाहून शिकणाऱ्यांच्या बोलण्यात फारसा फरक पडला नाही. नुसती कार्यशाळा केलेले सुधारले, पण पुढच्या काही महिन्यांत ती सुधारणा ओसरत गेली. अभिप्राय किंवा कोचिंग मिळालेल्यांची टिकली. तुमचा पहिला पर्याय म्हणजे त्या टेपच आहेत हो, फक्त आता स्क्रीनवर.

त्या अभ्यासातलं कोचिंग फोनवरून झालं होतं, हेही वरिष्ठांना आवर्जून सांगा. म्हणजे ऑनलाइन असण्याने काही अडत नाही. 2014 साली श्वाल्बे आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. कौशल्य टिकवायला साधारण सहा महिन्यांत तीन-चार वेळा अभिप्राय किंवा कोचिंग लागतं, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

रेकॉर्ड केलेले धडे मात्र टाकून देऊ नका. खुले प्रश्न म्हणजे काय, रिफ्लेक्शन (समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत ऐकवणं) साधं कधी आणि गुंतागुंतीचं कधी, एवढी ओळख प्रत्येकाने घरी करून घ्यावी. लाइव्ह वेळ मोलाची असते, ती स्लाइड वाचण्यात घालवू नये.

संस्थेला एक प्रश्न नक्की विचारा : रेकॉर्डिंग ऐकणार कोण आणि कोणत्या मापाने? एमआय कितपत नीट झालं हे मोजायची एमआयटीआय नावाची पद्धत बहुतेक ठिकाणी वापरतात. संभाषणाचा साधारण 20 मिनिटांचा तुकडा घेऊन प्रश्न किती, रिफ्लेक्शन किती, परवानगी न घेता पटवायला किती वेळा गेलात, समोरच्याला कितीदा खोडून काढलंत, हे मोजलं जातं. एका प्रश्नामागे एक रिफ्लेक्शन असेल तर ठीक, दोन असतील तर चांगलं. एकूण रिफ्लेक्शनमधली निम्मी तरी गुंतागुंतीची हवीत, म्हणजे समोरच्याने बोललेल्या वाक्याच्या एक पाऊल पुढे जाणारी. हे आकडे तज्ज्ञांच्या मतावर आधारलेले आहेत, तेव्हा त्यांना पास-नापासची रेघ मानू नका.

गोपनीयतेबद्दल माझं मत ठाम आहे : सुरुवातीची सगळी रेकॉर्डिंग खोट्या भेटींची असावीत. प्रशिक्षित अभिनेता किंवा सहकारी पालक होतो. याहून चांगला प्रकार म्हणजे सहकाऱ्याने स्वतःच्या आयुष्यातली एखादी खरी पण हलकी गोष्ट घेऊन बोलायचं, जी बदलावी असं वाटतंय आणि होत नाहीये. नाटक करताना माणूस फार लवकर 'बरं, पटलं' म्हणतो, खऱ्या गोष्टीवर म्हणत नाही. खऱ्या कुटुंबांची रेकॉर्डिंग लेखी संमतीशिवाय नाहीच. आणि ज्याचं मूल तुमच्या अहवालावर अवलंबून आहे, तो माणूस तुम्हाला मोकळेपणाने 'नाही' म्हणू शकतो का, याचा आधी विचार करा.

दूरदेशी :

मी बरीच वर्षं बालसंरक्षणात आहे, तुमच्या सहकाऱ्याच्या प्रश्नावर लिहितो.

अधिकार लपवला तर फसवणूक होतेच. म्हणून तो पहिल्या पाच मिनिटांत उघड बोलायचा. मी का आलोय, कोणती गोष्ट तडजोडीच्या पलीकडे आहे, कोणती मला वर कळवावीच लागेल, आणि एवढं बाजूला ठेवल्यावर तुमच्या हातात काय काय उरतं. एमआय त्या उरलेल्या जागेसाठी आहे. मूल आज रात्री सुरक्षित नसेल तर आधी सुरक्षेचं पाऊल उचलायचं, तिथे कुणाची प्रेरणा जागी व्हायची वाट पाहत बसायचं नाही. गोड बोलून कबुली काढायची आणि ती अहवालात घालायची, यासाठी एमआय वापरणं तर सरळ अनैतिक आहे. मिलर आणि एमआयवरच्या पुस्तकाचे त्यांचे सहलेखक रोलनिक यांनी स्वतःच बजावलंय की परिणामात तुमचा स्वतःचा स्वार्थ असेल आणि हातात सक्तीचा अधिकारही असेल, तर ही पद्धत वापरू नये.

आता उरलेल्या जागेत काय होतं ते पाहा. मुलगा कित्येक दिवस शाळेत गेलेला नाही, वडील दारातच चिडलेत :

"मागच्या वेळी पण एक बाई आल्या होत्या. लिहून घेतलं नि गेल्या. तुम्हाला नुसते कागद भरायचेत."

आपल्या तोंडून पटकन निघतं, "तसं नाही हो, आम्ही मदतीलाच आलोय. पण मुलगा शाळेत जात नाही हे चालणार नाही." झालं, भिंत उभी राहिली. त्याऐवजी :

"लोक येतात, विचारतात, निघून जातात. घरातलं ओझं आहे तिथंच राहतं."

"ओझं तर आहेच. मी रात्रपाळीहून येऊन झोपतो. सकाळी त्याला उठवणार कोण?"

"म्हणजे त्याने शाळेत जावं हे तुम्हालाही हवंय. अडतंय ते सकाळच्या त्या तासाभरात."

"मग? मला काय नकोय होय?"

शेवटचं वाक्य त्यांचं आहे, मी त्यांच्या तोंडी घातलेलं नाही. पुढचं बोलणं त्या सकाळच्या तासावर होतं, आणि तो तास कसा निभावायचा हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. अधिकार माझ्याकडे होता तसाच आहे, त्यांना तो माहीतही आहे.

समोरच्याची चूक दिसली की ती लगेच दुरुस्त करायला धावणं, ही आपल्या कामातली सगळ्यात चिवट सवय. ब्रिटनमध्ये डोनाल्ड फॉरेस्टर यांच्या गटाने सोशल वर्कर पालकांशी कसं बोलतात याचा कल्पित प्रसंगांतून अभ्यास करून 2008 साली लिहिलं, तेव्हा हेच पुढे आलं : खोडून काढणं भरपूर, ऐकून घेणं कमी. ही माणसं वाईट नव्हती, मुलाच्या काळजीनेच तसं बोलत होती.

कोरा_कागद :

वरच्या दोघांशी सहमत आहे, पण एक गोष्ट राहू नये. याच फॉरेस्टर यांच्या गटाने नंतर बालसंरक्षणातल्या कार्यकर्त्यांना एमआय शिकवून रीतसर चाचणी केली, 2018 साली ती प्रसिद्ध झाली. प्रशिक्षण घेतलेल्यांचं कौशल्य थोडं वाढलं, पण कुटुंबांच्या सहभागात फरक दिसला नाही. ताई, वरिष्ठांना हेही सांगा, नाहीतर वर्षभराने ते विचारतील की पैसे गेले कुठे.

माझ्या मते अडतं ते प्रशिक्षणानंतरच्या सोमवारी. सुपरव्हिजनमध्ये फॉर्म भरला का, मुदत पाळली का, एवढंच विचारलं जात असेल तर कार्यकर्ता घरात जाऊनही तेच विचारणार. म्हणून सुपरवायझरना पहिल्या तुकडीत घाला, आणि त्यांनी सुपरव्हिजनही याच पद्धतीने घ्यावं. हातातल्या केसेसही तेवढ्या काळापुरत्या कमी करा.

पायवाट :

सगळ्यांचे मनापासून आभार. 2004चा अभ्यास मला हवा तसाच मिळाला आणि 2018चाही सांगणार आहे. पटवायचं तर दोन्ही बाजू मांडूनच. सहकाऱ्यालाही दूरदेशींचं उत्तर दाखवलं. तो म्हणाला, "पहिल्या पाच मिनिटांत काय बोलायचं याचा सराव असेल तर मी येतो."

आणखी दोन शंका. किशोरवयीन मुलांशी थेट बोलताना हे चालतं का? आणि आपलं बोलणं दुसऱ्याने मोजायचं म्हटल्यावर टीममध्ये धास्ती आहे, ती कशी कमी करावी?

नीलमोहर :

किशोरांशी चालतं. आपलं आपण ठरवू द्या, ही त्या वयाची ओढच असते. लहान मुलांशी नाही, तिथे सांभाळणाऱ्या मोठ्यांशी बोला.

दूरदेशी :

धास्तीबद्दल : हे गुण वार्षिक मूल्यमापनात जाणार नाहीत, असं वरिष्ठांकडून आधी लेखी घ्या. ज्याचं रेकॉर्डिंग आहे त्याच्या आणि प्रशिक्षकाच्या पलीकडे आकडा जाऊ नये. पहिल्यांदा तर प्रशिक्षकालाही देऊ नका. प्रत्येकाने आपलंच रेकॉर्डिंग एकट्याने ऐकून फक्त प्रश्न आणि रिफ्लेक्शन मोजावीत. आणि सगळ्यांच्या आधी तुम्ही तुमचं रेकॉर्डिंग टीमला ऐकवा.

पायवाट :

हे करते. माझंच पहिलं लावते. सहकाऱ्याला वडील व्हायला सांगितलंय, तो अजिबात सोपं जाऊ देणार नाही. प्रस्तावाचा मसुदा झाला की इथे टाकेन, कोराकागद, तुम्ही सुपरवायझरचा भाग तेवढा तपासून द्या.