कोल्हापूर ‘नुसतं’ सुटे भाग ओतत बसलं?

उद्यमनगरकर: काल इथं एकानं लिहिलं, ‘पुण्यानं गाड्या बनवल्या, कोल्हापूर नुसतं सुटे भाग ओतत बसलं.’ त्या ‘नुसतं’नं डोकं फिरलं. अहो, इंजिनाचा सिलिंडर ब्लॉक ओतणं म्हणजे पोह्यांना फोडणी देणं नव्हे. वाळूच्या साच्यात कोअर, म्हणजे आतली पोकळी राखणारा गाभा, बसवायचा, वर चौदाशे डिग्रीचं लोखंड. आत हवा अडकली की ब्लो होल, मग माल परत भट्टीत. माझ्या वडिलांच्या पायांवर त्या ठिणग्यांचे डाग शेवटपर्यंत होते. आणि गाडी बनवलीच नाही म्हणता? इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींची ‘मीरा’! पहिली १९४९ साली. सत्तरच्या दशकात बारा हजारांत द्यायला तयार होते.

पेठेतला: ते मीच लिहिलं होतं. बाजारात किती मीरा आल्या, तेवढं सांगा.

उद्यमनगरकर: परवानाच मिळाला नाही तर विकायच्या कुठं, महाद्वार रोडला पाटी मांडून? मारुती १९८३ ला आली तेव्हा मात्र सगळ्यांना छोट्या गाडीचं कौतुक.

पेठेतला: एक गाडी जुळवणं वेगळं, रोज शंभर काढणं वेगळं. ऑइल इंजिनांत तुमच्याकडं पैसा आलाच होता की. तो उसात आणि निवडणुकीत घातलात.

शिरोलीकर: मीरा राहू दे बाजूला, वीजदराचं बोला. लोखंड वितळवणारी इंडक्शन भट्टी विजेवर चालते. कागल ओलांडलं की कर्नाटक, तिथं दर कमी म्हणून आमचे कारखानदार तिकडं जायची भाषा करत होते. बिल आलं की आमच्या घरात दोन दिवस कुणी बोलत नाही.

कागलकर: दरवेळी जातो म्हणता, जात कुणी नाही.

शिरोलीकर: तुम्ही भरा माझं बिल, मग बोला! वर पुण्याच्या एका कंपनीनं ब्लो होल म्हणून माझे चाळीस सिलिंडर हेड परत पाठवले. कापून बघितले, सदतीस ठणठणीत. भाडंसुद्धा माझ्याच बोकांडी.

पेठेतला: म्हणजे तीन खराब होतेच.

शिरोलीकर: तुमच्यासारखाच होता तो इन्स्पेक्टर.

पेठेतला: दसऱ्याला राजघराण्याची मेबॅक गाडी बघायला दसरा चौकात गर्दी करता, ती पण जर्मन.

उद्यमनगरकर: मेबॅकवर जाऊ नका, सांगून ठेवतो. महाराजांची गाडी आहे ती.

पेठेतला: बरं बाबा. ‘नुसतं’ मागं घेतो. बाकीचं वाक्य तसंच ठेवतो.

शिरोलीकर: आणि भाड्याचं?